मॉर्मन शेजारी, त्यांचं पुस्तक आणि आमचं बायबल

लेहीवासी

मी मूळची नगरची, चौथ्या पिढीतली ख्रिस्ती. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली सहा वर्षं युटातल्या लेही गावात राहते. गावाचं नावच मॉर्मनच्या पुस्तकातलं आहे, म्हणजे इथले मॉर्मन लोक बायबलच्या जोडीने शास्त्र मानतात त्या पुस्तकातलं. इ.स.पू. ६०० च्या सुमारास यरुशलेम सोडून बायकापोरांसह समुद्रापार अमेरिकेला पोचलेला संदेष्टा, तो लेही. म्हणजे ज्या पुस्तकाबद्दल वाद घालायचा तेच माझ्या घरच्या पत्त्यात येऊन बसलंय.

गेल्या महिन्यात दोन मिशनरी मुलं दारात उभी. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि त्यावर आडनावाआधी ‘एल्डर’. या एल्डरांतला मोठा विशीचा, धाकट्याला अजून नीट मिशीही नाही! मी सवयीने चहा टाकला. उकळी आल्यावर आठवलं, यांना चहा-कॉफी वर्ज्य. मग लिंबाचं सरबत केलं. त्यात मीठ असतं हे बिचाऱ्यांना काय माहीत. धाकट्याने एक घोट घेतला आणि पुढची वीस मिनिटं ग्लास नुसता हातात फिरवत बसला.

जाताना निळ्या कव्हरचं पुस्तक देऊन गेले, पानं ५३१. शेवटच्या मोरोनी नावाच्या भागातल्या दहाव्या अध्यायाचं चौथं वचन पिवळ्या पेनने रंगवलेलं. मतितार्थ असा: हे वाचा, मग खऱ्या मनाने देवाला विचारा, खरं असेल तर पवित्र आत्मा तुम्हाला तसं कळवील.

मी तिसरा हिस्सा वाचला. प्रार्थनाही केली, थट्टा म्हणून नाही, मनापासून. काही झालं नाही. पुढच्या भेटीत तसं सांगितलं. मोठा म्हणाला, अजून वाचत राहा. मी विचारलं, “उत्तर ‘खोटं आहे’ असंही येऊ शकतं का?” तो गप्प. मला मनातून जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, “मॅम, बायबल खरं आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

मी धडाधड यादी म्हटली. मृत समुद्राच्या गुंडाळ्या, हजारो ग्रीक हस्तलिखितं, उत्खननात सापडलेली नगरं. ती दोघं गेल्यावर भांडी घासताना लक्षात आलं की यातलं एकही कारण मला ठाऊक नव्हतं तेव्हापासून मी बायबल मानत आलेय. यादी नंतर जमवलेली आहे. तर इथल्या मंडळींना विचारायचंय, तुमचं कसं आहे?

सामवेदी_वसई

ताई, धागा आवडला. मी कॅथलिक. आमच्याकडे हा पेच जरा वेगळा सुटतो. आधी मंडळी, मग ग्रंथ. कुठली पुस्तकं शास्त्रात धरायची हे चर्चने ठरवलं, म्हणून आमचं बायबल ७३ पुस्तकांचं. तुम्हा प्रोटेस्टंटांचं ६६ चं. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने आमची यादी पक्की केली. “फक्त शास्त्र” म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, बाबा रे, शास्त्राची अनुक्रमणिका कुठल्या शास्त्रात आहे?

मॉर्मनांचं मात्र प्रकरण निराळं. तुमचा बाप्तिस्मा आम्ही मानतो, त्यांचा मानत नाही. २००१ मध्ये व्हॅटिकनने तसं स्पष्टच सांगितलं. शब्द तेच असले तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणजे त्यांच्या लेखी तीन वेगळे, फक्त हेतूने एक; आमच्या लेखी एकच देव. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे हे त्रैक्य सांगणारी जुनी श्रद्धाघोषणा, त्यांना मान्य नाही.

नास्तिकोबा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एकाचा देवदूत खरा आणि दुसऱ्याचा खोटा कसा, हे ऐकायला उत्सुक.

नगरी_मिसळ

लेहीवासी, गलतीकरांस पत्र १:८ वाचून दाखवा त्या पोरांना. स्वर्गातल्या देवदूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी तो शापित असो, असं पौल स्वच्छ लिहितो. स्मिथला हे पुस्तक दाखवणारा मोरोनी कोण? देवदूत! विषय संपला. वर प्रकटीकरण २२:१८ आहेच, या पुस्तकात कोणी भर घालू नये म्हणून.

हैदराबादी_मराठा

नमस्कार. मी इथे फारसा लिहीत नाही, पण आता लिहायलाच हवं. मी स्वतः या चर्चचा सदस्य आहे. मूळ सोलापूरचा, नोकरीनिमित्त हैदराबादला आलो आणि तिथेच बाप्तिस्मा घेतला. पहिली विनंती, आम्हाला ‘मॉर्मन’ म्हणू नका. २०१८ मध्ये आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पूर्ण नावाचा आग्रह धरला: येशू ख्रिस्ताचं अंतिम दिवसांतील संतांचं चर्च. लांबलचक आहे, मान्य. पण त्यात ‘येशू ख्रिस्त’ आहे, आणि आम्ही ख्रिस्ती नाहीच असं ऐकून कान किटलेत.

नगरी मिसळ, प्रकटीकरणातलं ते वचन त्या एका पुस्तकापुरतं आहे. तसंच वाक्य बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, ४:२ मध्ये, मोशेही म्हणतो. मग त्यानंतरची सगळी पुस्तकं फाडून टाकायची का?

आमच्या श्रद्धेच्या कलमांतलं आठवं कलम सांगतं की बायबलचं भाषांतर जिथवर नीट झालंय तिथवर आम्ही ते देवाचं वचन मानतो, आणि मॉर्मनचं पुस्तकही देवाचं वचन मानतो. लोक यातल्या ‘जिथवर’ शब्दावर तुटून पडतात. पण तुमच्या मनातही तो ‘जिथवर’ आहेच की! योहानाच्या पहिल्या पत्रातलं ५:७ घ्या. स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाहीच, लॅटिन परंपरेतून आत आलं. आज बहुतेक भाषांतरांतून ते गाळतात किंवा तळटिपेत टाकतात. त्रैक्याचं सगळ्यात स्पष्ट वचन आणि तेच मागाहून घुसलेलं.

माझ्यापुरतं सांगतो. मी प्रार्थना केली, मला उत्तर आलं. ते तुम्हाला काढून दाखवता येत नाही. पण ते नव्हतंच असं मला म्हणता येत नाही.

पाठभेद

आता माझ्या आवडीचा प्रांत आला. मी ना इकडचा ना तिकडचा, पुण्याचा हिंदू, जुन्या पोथ्यांचं वेड असलेला.

आधी हकिगत, म्हणजे नवख्यांना धागा कळेल. जोसेफ स्मिथ, जन्म १८०५, शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्या सांगण्याप्रमाणे न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायराजवळच्या टेकडीत देवदूताने दाखवलेले सोन्याचे पत्रे त्याला १८२७ मध्ये मिळाले. आपले ताम्रपट डोळ्यांपुढे आणा, फक्त सोन्याचे आणि कड्यांत ओवलेले. तो सांगत गेला, लेखनिक लिहीत गेले. १८३० मध्ये ५००० प्रती छापल्या, मार्टिन हॅरिस नावाच्या शेतकऱ्याने शेत गहाण टाकलं म्हणून. पत्रे देवदूताने परत नेले. म्हणजे मूळ पोथी तपासायची सोय नाही.

सांगायची पद्धत कशी? जवळच्यांनी पाहिलेली अशी: टोपीत एक दगड ठेवायचा, टोपीत तोंड खुपसायचं आणि दिसेल ते बोलायचं. त्या दगडाचे फोटो चर्चने स्वतःच २०१५ मध्ये छापले. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा, अंड्याएवढा.

टीकाकारांचे मुद्दे भरपूर आहेत. घोडे आहेत, पोलाद आहे, आणि त्या काळच्या अमेरिकेत दोन्हींचा पत्ता नाही. (घोडा म्हणजे टेपिर, डुकरासारखा दिसणारा प्राणी, असावा असा एक बचाव आहे. टेपिरवर बसून लढाईला निघालेला वीर मी डोळ्यांपुढे आणून पाहिला.) पण मला सगळ्यात जड वाटतो तो यशयाचा मुद्दा.

लेहीने यरुशलेम सोडलं ते बाबेलच्या बंदिवासाआधी. सोबत शास्त्राचे पितळी पत्रे नेले. त्यांतून म्हणून या पुस्तकात यशयाचे अख्खे अध्याय येतात, ४८ ते ५१ सुद्धा, तेही बहुतांशी १६११ च्या इंग्रजी बायबलच्या शब्दांत. आता विद्वान म्हणतात की यशयाचा ४० पासून पुढचा भाग बंदिवासाच्या काळात कोणा दुसऱ्याने रचला. तसं असेल तर लेहीच्या सामानात तो असूच शकत नाही. खेळ खलास.

पण थांबा. हा बाण मारायचा तर नगरी मिसळ यांना आधी कबूल करावं लागेल की यशयाचं पुस्तक एका हाताचं नाही. करता का कबूल?

नगरी_मिसळ

नाही. यशया एकच. नव्या करारात दोन्ही भागांतली वचनं यशयाच्याच नावाने दिली आहेत.

पाठभेद

मग हा बाण तुमच्या भात्यातून गेला. माझं म्हणणं एवढंच. दुसऱ्याचं पुस्तक जोखताना आपण विद्यापीठातला तराजू काढतो, आणि आपल्या पुस्तकाला देवघरातला.

सामवेदी_वसई

@पाठभेद, आणि तुमचा तराजू? महाभारत व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं म्हणतात ना?

पाठभेद

वाटच बघत होतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या. त्यात गणपती लेखनिक झाल्याची कथा मूळ संहितेत ठरली नाही, परिशिष्टात गेली. हे काम झालं पुण्यात, जिथे गल्लोगल्ली गणपती! संस्थेवर या कारणाने कोणी मोर्चा नेला नाही आणि कोणी गणपती बसवायचाही थांबला नाही. पण हेही कबूल करतो की माझी श्रद्धा त्या एका लेखनिकावर टांगलेली नव्हती. स्मिथच्या अनुयायांची आहे. म्हणून त्यांना ते सोपं नाही.

त्याआधीचं उदाहरण नाथांचं. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं की यात कोणी आपली ओवी घुसडली तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. नगरी मिसळ यांच्या प्रकटीकरण २२:१८ ची मला तेव्हा आठवण झाली. फरक असा की तिथे शाप आहे, इथे नरोटी.

अनारसे_बिघडले

नरोटी म्हणजे करवंटी ना? (अवांतराबद्दल क्षमस्व.)

पाठभेद

हो.

कॅलिफोर्नियातली_मावशी

माझी ऑफिसातली मैत्रीण हे चर्च सोडून बाहेर पडली. टोपी नाही, घोडे नाहीत, तिचा विश्वास मोडला तो अब्राहामाच्या पुस्तकावर. हैदराबादी भाऊ, राग मानू नका, पण ते इथे यायला हवं.

१८३५ मध्ये एक फिरता प्रदर्शनवाला इजिप्तच्या ममी आणि पपायरस घेऊन ओहायोतल्या कर्टलंडला आला. चर्चच्या लोकांनी २४०० डॉलरला ते विकत घेतले. स्मिथ म्हणाला, यात अब्राहामाचं लेखन आहे, आणि त्याने भाषांतर केलं. ते आज त्यांच्या शास्त्रात आहे. पपायरस शिकागोच्या १८७१ च्या आगीत जळाले असं सगळे धरून चालले होते. मग त्यांतले काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये निघाले आणि १९६७ मध्ये चर्चला परत मिळाले. आता इजिप्तची लिपी वाचता येत होती. वाचली तर तो निघाला होर नावाच्या पुरोहिताच्या अंत्यविधीचा मजकूर, अब्राहामाच्या काळानंतर कितीतरी शतकांनी लिहिलेला. अब्राहामाचं नावही नाही.

मैत्रीण म्हणाली, मूळ पत्रे देवदूताने नेले, ठीक. हे मात्र काचेखाली समोर होतं.

हैदराबादी_मराठा

मावशी, राग नाही. हा प्रश्न मला रात्री जागवून गेलाय. चर्चने २०१४ मध्ये लेख काढून मान्य केलं की उरलेल्या तुकड्यांतला मजकूर अब्राहामाच्या पुस्तकाशी जुळत नाही. त्यावर दोन उत्तरं देतात. एक, मूळ गुंडाळी लांब होती, तो भाग जळाला असेल. दोन, पपायरस हे फक्त निमित्त, मजकूर साक्षात्काराने आला. पहिलं उत्तर मला पटत नाही. दुसऱ्यावर मी उभा आहे, थोडा लंगडत.

पण मला सांगा, प्रश्न पडले म्हणून मिळालेलं उत्तर परत करायचं का? माझे वडील वारले त्या वर्षी मॉर्मनच्या पुस्तकातला अल्माचा भाग वाचत होतो. त्या रात्री जे झालं ते इथे लिहिणार नाही. पण ते घोड्यांवर अवलंबून नव्हतं.

नास्तिकोबा

हाच तर वांधा आहे साहेब. “आतून कळलं” हे प्रमाण धरलं तर जगातल्या प्रत्येकाला आतून वेगळंच कळतं. ताईंनी प्रार्थना केली, काही आलं नाही. तुम्ही केली, आलं. आता?

लेहीवासी

@नास्तिकोबा, तुमचं बरोबर आहे आणि मला ते आवडलेलं नाही. 😀

ना. वा. टिळकांचं आठवा. आगगाडीत एका अनोळखी युरोपियन माणसाने नवा करार हातात ठेवला आणि डोंगरावरचं प्रवचन वाचून हा माणूस हलला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा. त्यांनी आधी हस्तलिखितं थोडीच तपासली होती? आमच्या घरात ती गोष्ट कौतुकाने सांगतात. तीच गोष्ट निळ्या पुस्तकाबद्दल कोणी सांगितली की मी म्हणते, “भावनेच्या भरात वाहवला.”

दुसऱ्या बाजूला पंडिता रमाबाई. अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते छापून झालं १९२४ मध्ये, त्या गेल्यावर. त्यांची श्रद्धा शब्दाला घाबरत नव्हती. मला टिळकांसारखं मानता येतं, रमाबाईंसारखं तपासायला मात्र भीती वाटते, असं काहीतरी आहे.

पाठभेद

सोयीचा पुरावा नाकारणारा माणूस बघायचा असेल तर लेहीवासी, तुमच्याच गावापासून जवळ सॉल्ट लेक सिटीत होऊन गेला. जेरल्ड टॅनर. मॉर्मन घरातला, नंतर ख्रिस्ती झालेला, बायको सँड्रा ही तर स्मिथनंतर चर्चचा अध्यक्ष झालेल्या ब्रिगम यंगच्या वंशातली. दोघांनी उभा जन्म या चर्चची जुनी कागदपत्रं छापून टीका करण्यात घालवला.

१९८० च्या दशकात मार्क हॉफमन नावाचा इसम चर्चच्या इतिहासातली दुर्मीळ पत्रं शोधून विकत होता. त्यातलं एक १८३० चं, मार्टिन हॅरिसच्या नावाचं. पत्र्यांजवळ देवदूत नव्हता, एक पांढरा सॅलॅमँडर (पालीसारखा प्राणी) होता आणि त्याचा आत्मा झाला, असं त्यात. टॅनरसारख्या टीकाकाराला याहून मोठं घबाड कुठलं! पण तो म्हणाला, हे १८३४ च्या एका मॉर्मनविरोधी पुस्तकातल्या मजकुराशी फार जुळतंय, मला शंका आहे. आणि ते छापून मोकळा झाला. स्वतःच्या बाजूच्या लोकांचे बोल खाल्ले. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये हॉफमनने बिंग फुटू नये म्हणून बाँब ठेवून दोघांचा जीव घेतला. पत्र बनावट निघालं, १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

चर्चच्या थोरामोठ्यांनी त्याची कागदपत्रं घेतली होती. तज्ज्ञही फसले. ओळखलं ते, खरं निघालं असतं तर ज्याचा फायदा होता, त्याने.

हैदराबादी_मराठा

टॅनर दांपत्याचं कौतुक माझ्या तोंडून निघेल असं वाटलं नव्हतं, पण हे प्रकरण मला माहीत आहे आणि ते खरं आहे. एवढी भर घालतो की ते पत्र अडचणीचं असूनही चर्चने १९८५ मध्ये स्वतः छापलं होतं.

आणि पाठभेद, तुम्हाला आवडेल असं एक. मॉर्मनच्या पुस्तकाचं मूळ हस्तलिखित, म्हणजे लेखनिकांनी ऐकून लिहिलेलं, स्मिथने १८४१ मध्ये नॉवू इथल्या एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवलं. १८८२ मध्ये उघडलं तर पाणी शिरून बरंचसं कुजलेलं. आज त्याचा जेमतेम २८ टक्के भाग उरलाय. छापखान्यासाठी केलेली दुसरी प्रत मात्र जवळजवळ पूर्ण आहे. ती २०१७ मध्ये चर्चने साडेतीन कोटी डॉलरला विकत घेतली.

अनारसे_बिघडले

म्हणजे त्यांचीही भिजकी वहीच की! फक्त इंद्रायणीने आपली परत दिली.

पाठभेद

अनारसे, हा प्रतिसाद चोरणार आहे मी.

@हैदराबादी, त्या दोन प्रती ताडून पाठभेदांचं मोठं काम रॉयल स्काउसन या तुमच्याच चर्चच्या प्राध्यापकाने केलंय, १९८८ पासून. पहिल्या आवृत्तीत मरीयेला “देवाची आई” म्हटलं होतं, १८३७ मध्ये ते “देवाच्या पुत्राची आई” झालं. सामवेदी यांना पहिला पाठ आवडेल.

सामवेदी_वसई

आवडला! परत बदला म्हणावं.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतरविषयक वाद आणि व्यक्तिगत शेरे इथे नकोत. मूळ विषयावर राहा.

नगरी_मिसळ

उडवलेला एक माझा होता. बरं. शांत डोक्याने विचारतो, लेहीवासी, तुम्ही त्या मुलांना शेवटी काय सांगितलं? एवढं वाचून पुस्तकाबद्दल तुमचं मत काय ते तरी कळू द्या.

लेहीवासी

मत सांगते. मला ते पुस्तक १९ व्या शतकातल्या अमेरिकेत रचलेलं वाटतं. यशयामुळे नाही, पपायरसमुळे जास्त. हैदराबादी भाऊ, तुम्हाला हे लागणार, पण तुम्ही इतकं सरळ लिहिलंत की गोलगोल बोलणं बरं दिसेना.

परवा ती मुलं आली होती. धाकट्याची बदली झालीय, दुसऱ्या गावी. मी त्याला आजोबांची एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते.

आजोबा नगरजवळच्या एका खेड्यात पाळक होते. त्यांच्या बायबलात मार्कच्या सोळाव्या अध्यायात आठव्या वचनाखाली शिसपेन्सिलची आडवी रेघ आहे. बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय: “येथे थांबावे?” मी शाळेत असताना विचारलं होतं. म्हणाले, मोठी झालीस की सांगतो, आणि सांगायचे राहूनच गेले. कॉलेजात कळलं, सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क तिथेच संपतो. बाया थडग्यापासून पळून जातात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचनं त्यांत नाहीत.

म्हणजे धाकट्याने मला “कसं कळलं” विचारलं तेव्हा माझ्या घरातच ही रेघ होती आणि मी त्याला ती सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग आजोबांनी पाळकपण सोडलं का?”

मी म्हटलं, नाही रे. आजी सांगायची, त्या वर्षी ईस्टरला त्यांनी आठव्या वचनावरच उपदेश केला, आणि तिथेच थांबले. लोक बसून राहिले, अजून काही येईल म्हणून.

धाकट्याने खिशातली छोटी वही काढून त्यात “मार्क १६:८” लिहिलं. सरबत मात्र या वेळी बिनमिठाचं केलं होतं, संपवलं.

हैदराबादी_मराठा

लागलं नाही. म्हणजे लागलं, पण चालेल. त्या पानाचा फोटो टाकाल का?

लेहीवासी

बायबल नगरला भावाकडे आहे. रविवारी फोन करते, त्याला काढायला सांगते.